बँकेच्या लिलावातलं स्वस्त घर घ्यावं की भाड्याने राहावं? आधी धंद्याचा पैसा बाजूला काढा



दुकानाला सुरुवातीला भांडवल किती लागतं, यावरचा व्हिडिओ टाकल्यापासून एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतोय. "मॅडम, बँकेच्या लिलावात फ्लॅट स्वस्तात मिळतोय. धंद्यासाठी साठवलेले सात-आठ लाख हातात आहेत. भाडं भरत बसण्यापेक्षा आधी घर घेऊन टाकू का? धंदा काय, नंतर पण करता येईल."

व्हिडिओत हे पाच मिनिटांत सांगता येणार नाही, हिशोब मांडावा लागेल. म्हणून इथे लिहितेय. वही-पेन घेऊन बसा.

माझं मत आधीच सांगून टाकते. धंद्याची पहिली तीन-चार वर्षं भाड्याने राहा. लिलावातलं घर वाईट नसतं, पण ते धंद्याच्या भांडवलातून घ्यायचं नाही. त्यासाठी वेगळा पैसा उभा राहिला, तुमचं शहर आणि तुमचा धंदा त्या घराला झेपणारा असला, तरच बोली लावा. हे मत पुस्तकातून आलेलं नाही. मी स्वतः त्या दारात जाऊन परत आलेय.

2022 चा पावसाळा

माझं कोल्हापुरात केकच्या साहित्याचं दुकान आहे. चॉकलेट कंपाउंड, व्हिपिंग क्रीम, केकचे बॉक्स, बोर्ड, साचे असा माल. त्याआधी आम्ही पुण्यात भाड्याने राहायचो, नोकरी करायचो. कोल्हापूरला आलो तेव्हा सासरे म्हणाले, "आता तरी स्वतःचं घर बघा. आयुष्यभर काय दुसऱ्याच्या खिशात पैसे घालणार?"

2022 च्या पावसाळ्यात आमच्याकडे साडेसात लाख जमले होते. वर्तमानपत्रात लिलावाची जाहिरात दिसली. टू बीएचके, जुनी पण बरी बिल्डिंग, आजूबाजूच्या भावापेक्षा चार-पाच लाखांनी कमी. मला रात्री झोप येईना. दिवाळी ऑक्टोबरच्या शेवटी होती आणि सीझनचा माल ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये भरायचा असतो. म्हणजे पैसा एक आणि जागा दोन.

मी आणि माझा नवरा फ्लॅट बघायला गेलो. बेल वाजवली तर आतून माणूस आला. घर रिकामं असेल असं मी धरून चालले होते. दारात शाळेची दोन दप्तरं, पॅसेजमध्ये साड्यांचे रिकामे बॉक्स थप्पी लावून ठेवलेले. मला काय बोलावं सुचेना. तो माणूसच म्हणाला, "लिलावासाठी आलाय ना? या ताई, बघून घ्या." बायकोने पाणी आणून दिलं.

निघताना त्याने एवढंच सांगितलं, "दुकानाची सीसी वाढवून घेतली तेव्हा घर तारण दिलं होतं. वाटलं, दोन सीझनमध्ये भागवून टाकू."

सीसी म्हणजे कॅश क्रेडिट. आपण दुकानदार मालासाठी बँकेकडून जी मर्यादा घेतो ती. त्या घरात राहणारा माणूस आळशी नव्हता, उधळ्या नव्हता. तो माझ्यासारखाच दुकानदार होता. त्याचं घर आणि त्याचं दुकान एकाच दोरीला बांधलेलं होतं. दुकान बसलं आणि घर ओढलं गेलं.

घरी आल्यावर मी हिशोब मांडला आणि माझ्या लक्षात आलं, मी पण तेच करायला निघालेय, फक्त उलट्या बाजूने. दुकानाचा पैसा घरात घालणार. मग दिवाळीला माल भरायला पैसा नसणार. मग मी त्याच घरावर कर्ज काढणार. दोरी तीच. आम्ही बोली लावली नाही.

लिलावातलं घर म्हणजे नेमकं काय?

आता भावना बाजूला ठेवू आणि प्रक्रिया समजून घेऊ, कारण जाहिरातीत फक्त किंमत मोठ्या अक्षरात असते.

कर्जाचा हप्ता 90 दिवसांपेक्षा जास्त थकला की खातं एनपीए होतं. मग सरफेसी कायदा, 2002 प्रमाणे बँक कलम 13(2) ची नोटीस देते. कर्जदाराला 60 दिवस मिळतात. पैसे आले नाहीत तर बँक ताबा घेऊ शकते आणि कोर्टात दावा न लावता मालमत्ता विकू शकते. सहकारी बँकांनाही हा कायदा वापरता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलंय. आपल्या भागात सहकारी बँका भरपूर, म्हणून अशा जाहिराती आपल्याकडे भरपूर दिसतात. सरकारी बँकांचे लिलाव आता ‘बँकनेट’ या पोर्टलवर एका ठिकाणी बघायला मिळतात.

तुम्ही बोली लावणार असाल तर पैशाचं वेळापत्रक असं असतं:

- बोलीच्या आधी अनामत रक्कम, म्हणजे ईएमडी. ती साधारण राखीव किमतीच्या 10 टक्के असते.
- बोली तुमची लागली की त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या कामाच्या दिवशी एकूण किमतीच्या 25 टक्के. ईएमडी यात धरतात.
- विक्री पक्की झाल्यापासून 15 दिवसांत उरलेले 75 टक्के. बँकेने लेखी मान्य केलं तर मुदत वाढते, पण कमाल तीन महिने.
- पैसे वेळेत भरले नाहीत तर भरलेली रक्कम जप्त.

शेवटची ओळ परत वाचा. बिल्डरकडे हप्ता चुकला तर तो फोन करतो, भांडतो, व्याज लावतो. इथे पैसे सरळ जातात. "होम लोन होईलच की" या भरवशावर बोली लावणारे इथेच अडकतात. लिलावातल्या घराला लोन देणाऱ्या बँका आहेत. पण कागद तपासणं, मूल्यांकन, मंजुरी हे सगळं 15 दिवसांत बसवायचं म्हणजे कसरत. त्यात धंदेवाल्याचं आयटी रिटर्न कमी दाखवलेलं असेल तर बँक आणखी प्रश्न विचारते. नोकरदाराची सॅलरी स्लिप बोलते, आपली फाईल बोलायला वेळ घेते.

स्वस्त का असतं, ते विचारा

जाहिरातीत एक ओळ हमखास असते: "जसे आहे तसे, जिथे आहे तिथे." म्हणजे घरात जे काही अडकलेलं आहे ते आता तुमचं. चार गोष्टी बघा.

एक, ताबा. जाहिरातीत ‘प्रतीकात्मक ताबा’ लिहिलंय की ‘प्रत्यक्ष ताबा’? प्रतीकात्मक म्हणजे बँकेने दारावर नोटीस चिकटवलीय, आत माणसं राहतायत. त्यांना बाहेर काढायला बँकेला कलम 14 खाली जिल्हाधिकारी किंवा मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जावं लागतं. त्याला किती महिने लागतील, हे तुम्हाला कोणी लिहून देणार नाही. तोपर्यंत तुम्ही ईएमआय पण भरणार आणि भाडं पण.

दोन, वाद. कर्जदार बँकेच्या कारवाईविरुद्ध 45 दिवसांत डीआरटीत, म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरणात जाऊ शकतो. थकबाकी भरून घर सोडवून घ्यायचा त्याचा हक्क लिलावाची नोटीस प्रसिद्ध झाली की संपतो, असं सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये सांगितलंय. हे खरेदीदाराच्या बाजूचं आहे. पण नोटीस नीट दिली नाही, मूल्यांकन चुकलं, अशा मुद्द्यांवर अर्ज होऊ शकतो आणि तुमचा पैसा तारखांमध्ये फिरत राहतो.

तीन, थकबाकी. ज्याचा हप्ता थकला त्याचा सोसायटीचा मेंटेनन्स, घरफाळा, वीजबिल वेळेवर असेल का? लिलावाच्या अटींमध्ये बहुतेक वेळा ही सगळी बाकी खरेदीदाराच्या माथी मारलेली असते. सोसायटीच्या सेक्रेटरीला जाऊन प्रत्यक्ष भेटा आणि आकडा विचारा. फोनवर नको.

चार, कागद. स्वतःचा वकील लावून सर्च रिपोर्ट काढा. बँकेने तपासलं असेलच, असं धरू नका. ते कर्ज देतानाही बँकेने तपासलंच होतं.

आता हिशोब: दोन शहरं, दोन उत्तरं

खालचे आकडे उदाहरणासाठी गोल केलेत. तुमच्या गावचे आकडे तुम्ही घालायचे. व्याज 9 टक्के आणि मुदत 20 वर्षं धरली तर एका लाखाला सुमारे 900 रुपये ईएमआय बसतो. एवढं लक्षात ठेवलं की कॅल्क्युलेटर लागत नाही.

ठाण्यासारखं शहर. बाजारभाव 80 लाख, लिलावात 68 लाखांना मिळालं असं धरू. तसंच घर भाड्याने 22 हजारांना मिळतं.

- 80 टक्के लोन, म्हणजे 54 लाख 40 हजार. ईएमआय सुमारे 49 हजार.
- स्वतःचे 13 लाख 60 हजार.
- मुद्रांक शुल्क 7 टक्के आणि नोंदणी फी 30 हजार मिळून 5 लाख 6 हजार.
- दुरुस्ती आणि जुनी बाकी अडीच लाख.

हातातून गेले 21 लाखांच्या वर. भाड्यापेक्षा दर महिन्याला 27 हजार जास्त. किंमत 50 लाख किंवा त्याहून जास्त असेल तर 1 टक्का टीडीएस कापून भरायची जबाबदारी तुमची, ते वेगळं लक्षात ठेवा.

कोल्हापूर-सांगलीसारखं शहर. बाजारभाव 28-29 लाख, लिलावात 24 लाख. तसंच घर भाड्याने 10 हजार.

- 80 टक्के लोन, 19 लाख 20 हजार. ईएमआय सुमारे 17 हजार 300.
- स्वतःचे 4 लाख 80 हजार.
- मुद्रांक शुल्क 6 टक्के आणि नोंदणी 1 टक्का मिळून 1 लाख 68 हजार.
- दुरुस्ती आणि जुनी बाकी सव्वा लाख.

हातातून गेले पावणेआठ लाख. भाड्यापेक्षा महिन्याला 7 हजार 300 जास्त.

बघा, एकच निर्णय, पण एका शहरात फरक 27 हजारांचा आणि दुसऱ्यात 7 हजारांचा. म्हणून "घर घ्यावं की भाड्याने राहावं" याला एकच उत्तर देणाऱ्या माणसाला आधी विचारा, "कुठल्या शहरात?"

सोपी कसोटी सांगते. वर्षाचं भाडं भागिले घराचा एकूण खर्च, गुणिले शंभर. ठाण्याच्या उदाहरणात हे साडेतीन टक्क्यांच्या आत येतं. कोल्हापूरच्या उदाहरणात साडेचारच्या आसपास. आकडा जितका लहान, तितकं भाड्याने राहणं स्वस्त. कर्जाचं व्याज 9 टक्के आहे आणि घर तुमचं भाडं वाचवतंय साडेतीन टक्के. हे गणित बीबीए न करता पण कळतं.

"पण मॅडम, भाडं वाया जातं ना!" हे वाक्य मला पाठ झालंय. वरच्या कोल्हापूरच्या घरात पहिल्या वर्षी तुम्ही 2 लाख 7 हजार ईएमआय भरता. त्यातले सुमारे 1 लाख 71 हजार व्याजात जातात. मूळ कर्ज कमी होतं 36 हजारांनी. भाड्याचे 1 लाख 20 हजार वाया, तर हे 1 लाख 71 हजार काय सत्कारणी लागले? पुढे व्याज कमी होत जातं, भाडं वाढत जातं आणि घराची किंमतही वाढू शकते, हे खरं आहे. म्हणूनच मी "कधीच घेऊ नका" म्हणत नाही. मी "पहिल्या वर्षांत धंद्याच्या पैशातून घेऊ नका" म्हणते.

तोच पैसा दुकानात काय करतो?

माझ्या दुकानात एक लाखाचा माल वर्षातून साधारण पाच वेळा फिरतो. एका फेरीत भाडं, पगार, लाईट, खराब माल सगळं जाऊन सहा हजार उरले तरी वर्षाला तीस हजार झाले. घरात घातलेला तोच एक लाख वर्षाला माझं चार-साडेचार हजारांचं भाडं वाचवतो.

बीबीएला ‘अपॉर्च्युनिटी कॉस्ट’ पाठ करून पास झाले होते. कळली ती त्या दिवाळीत. साडेसात लाखांतले चार लाख मालाला लावले, साडेतीन बँकेत एफडीत ठेवले. आधीच्या वर्षी दिवाळीच्या आठ दिवस आधी माझ्याकडचं कंपाउंड संपलं होतं आणि गिऱ्हाईक समोरच्या दुकानात गेलं होतं. त्या वर्षी गेलं नाही.

पण एक सावध सूचना. हे तेव्हाच खरं, जेव्हा गिऱ्हाईक आहे आणि माल कमी पडतोय. मागणीच नसेल तर दुकानात पैसा घालून तो शेल्फवर एक्स्पायर होतो. असा पैसा दुकानात पण नको आणि घाईने घरात पण नको. एफडीत पडू दे.

स्वस्त शहरात जाऊन राहिलं तर?

हा प्रश्न मुंबई-पुण्याची मुलं हमखास विचारतात. राहण्याचा खर्च शहराप्रमाणे बदलतो, हे सरकारही मानतं. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना सातव्या वेतन आयोगात घरभाडे भत्ता शहराच्या वर्गाप्रमाणे मिळतो. मुंबई-पुणे एक्स वर्गात. नाशिक, नागपूर, कोल्हापूर, सोलापूर, सांगली, अमरावती अशी शहरं वाय वर्गात. बाकीची गावं झेड. जानेवारी 2024 पासून मूळ पगाराच्या 30, 20 आणि 10 टक्के असे ते दर झाले. आपल्याला कोणी भत्ता देत नाही, म्हणून आपणच शहर शहाणपणाने निवडायचं.

पण खर्च कमी होतो तशी कमाई पण कमी होते, हे विसरू नका. माझ्या बॅचमधली एक ताई ठाण्यात डबे देते. बदलापूरच्या पुढे लिलावातला फ्लॅट तिला खूप स्वस्त दिसला. मी विचारलं, "तुझी गिऱ्हाइकं कुठं आहेत?" सगळी ठाण्यात, स्टेशनच्या आसपास. सकाळी सातला डबे घेऊन लोकलमध्ये चढायचं? की तिकडे नवीन गिऱ्हाईक शोधायचं, जे डब्याला ठाण्याएवढा दर देणार नाही? तिने घर घेतलं नाही. ठाण्यातच दोन गल्ल्या मागे, थोडं कमी भाड्याचं घर बघितलं.

दुसरा एक भाऊ उलट. ऑनलाइन इमिटेशन ज्वेलरी विकतो, पुण्यात 18 हजार भाडं भरत होता. त्याची ऑर्डर कुठूनही येते आणि पार्सल कुठूनही जातं. तो साताऱ्याला आला, आठ हजारांत घर मिळालं. महिन्याचे दहा हजार वाचले, ते मालात गेले. घर अजून घेतलं नाही, पण आता घरासाठी वेगळं आरडी चालू आहे.

म्हणून आधी एक ओळ लिहा: माझी कमाई कुठून येते आणि माझा खर्च कुठे होतो? कमाई जागेला बांधलेली असेल तर गिऱ्हाइकाजवळ राहा, भाडं जास्त पडलं तरी. कमाई जागेला बांधलेली नसेल तर स्वस्त शहरात जा, पण तिथेही पहिली एक-दोन वर्षं भाड्यानेच राहा. गाव मानवतं का ते कळू दे.

भाड्याने राहायचं तर नीट राहा

भाड्याने राहण्याचे तोटे आहेत आणि ते मी लपवणार नाही. घरमालक अकरा महिन्यांनी उठवू शकतो. घरातून केक, डबे, मसाले करत असाल तर घर बदललं की अन्न परवान्यावरचा पत्ता, उद्यम, जीएसटी सगळीकडचा पत्ता बदलत बसावा लागतो. म्हणून तीन कामं करा.

पहिलं, लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवून घ्या. "अकरा महिन्यांचा आहे, नोंदणी लागत नाही" हे आपल्याकडे चुकीचं आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. ऑनलाइन होतं, खर्चही फार नाही.

दुसरं, अकराऐवजी तीन वर्षांचा करार मागा. भाडंवाढ किती टक्के ते त्यातच लिहा. वेळेवर भाडं देणारा भाडेकरू मालकालाही हवाच असतो.

तिसरं, घरातून धंदा करणार असाल तर मालकाचं ना हरकत पत्र आधी घ्या. डिपॉझिट देण्याआधी. नंतर मागितलं की मालक भाव खातो.

मग लिलावातलं घर कधी घ्यायचं?

माझे पाच नियम. पाचही जुळले तर मला न विचारता जा.

1. याच शहरात पुढची सात-आठ वर्षं राहणार, हे धंद्यावरून दिसतंय.
2. मागची दोन वर्षं तुम्ही धंद्यातून स्वतःला ठरलेला पगार घेताय आणि त्या पगारातून ईएमआय निघतो. गल्ल्यातून नाही.
3. सगळे पैसे भरून झाल्यावरही दुकानाचा चार महिन्यांचा खर्च आणि येणाऱ्या सीझनच्या मालाचे पैसे शिल्लक राहतात.
4. बँकेकडे प्रत्यक्ष ताबा आहे. तुम्ही आत जाऊन रिकाम्या खोल्या बघितल्यात.
5. बोलीच्या आधी तुमच्या बँकेने त्याच मालमत्तेसाठी लोनचं लेखी पत्र दिलंय आणि तुमच्या वकिलाने सर्च रिपोर्ट.

आणि एक कमाल आकडा कागदावर लिहून घरच्यांकडे द्या. ई-लिलावात समोरचा दिसत नाही. पाच-दहा हजारांनी आकडा चढत जातो आणि शेवटच्या मिनिटांत हात थांबत नाही. कमाल आकड्याच्या पुढे गेलं तर घर सोडून द्या.

शेवटचं

तुम्ही विचाराल, मॅडम तुम्ही त्या फ्लॅटला नाही म्हणालात, चुकलं नाही का वाटत? कधी कधी वाटतं. त्या भागात आज भाव वाढलेत. आम्ही अजून भाड्याने राहतो आणि सासरे जेवताना अजून तो विषय काढतात. तो फ्लॅट कोणीतरी घेतला. घेणाऱ्याला ताबा मिळायला वर्षाच्या वर लागलं, असं त्याच बिल्डिंगमधल्या माझ्या एका गिऱ्हाइकाकडून कळलं. त्या वर्षात माझा साडेसात लाख अडकला असता तर मी दुकान टिकवलं असतं का, हे मला खरंच सांगता येत नाही.

तो साडीवाला आता कुठे आहे, माहीत नाही. पण नवीन बॅच सुरू झाली की पहिल्या दिवशी मी फळ्यावर दोन रकाने काढते, घर आणि धंदा, आणि मध्ये जाड रेघ मारते. घरासाठी वेगळं खातं, धंद्यासाठी वेगळं. घर घेताना धंद्याला हात लावायचा नाही. आणि धंद्यासाठी घर तारण ठेवायची वेळ आली तर सही करण्याआधी घरातल्या सगळ्यांना बसवून, बुडालं तर कुठे राहायचं, हे मोठ्याने बोलायचं. उत्तर मिळालं नाही तर सही करायची नाही.

आज रात्री एवढंच करा. तुमच्या गावातलं एक घर निवडा. त्याचं वर्षाचं भाडं आणि त्याचा एकूण खर्च लिहून टक्के काढा. शहराचं नाव आणि तो आकडा खाली कमेंटमध्ये टाका. पुढच्या व्हिडिओत तुमच्याच आकड्यांवर बोलू.

भेटू लवकरच. धंदा जपा!